घरच्या शाळेला वेळ कोण देतो?

लहान मुलांना घरी शिकवण्याबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणजे, ‘शाळेत घातले आहे ना, मग घरी पुन्हा कशाला?’ आणि दुसरे, ‘शाळेत काही होत नाही, सगळे घरीच करून घ्यावे लागते.’ शिक्षकी पेशात असल्याने पालक-सभेत ही दोन्ही वाक्ये आम्ही कितीतरी वेळा ऐकली आहेत. फेब्रुवारी २०२१ मधल्या एका आठवड्यात मात्र आम्हाला पहिली आणि तिसरीतल्या आमच्याच मुलांची शाळा घरात भरवावी लागली. त्याच आठवड्यात आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरची शाळाही फोनवरून समजली. या दोन घरांत जे दिसले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत, कारण घरच्या शाळेची वेळ कोणत्याही घरावर केव्हाही येऊ शकते.

आधी तो काळ आठवू या. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून सुरू होऊ लागले. पहिली ते चौथीची मुले मात्र घरीच राहिली. आम्ही अमरावतीत सहावी-सातवीला उर्दू आणि मराठी शिकवतो. दहा महिन्यांनी मुले वर्गात बसलेली पाहून जीव भांड्यात पडला होता. चार आठवडेही पुरे झाले नाहीत, तोच अमरावती आणि अकोल्यात रुग्णांची संख्या झपाट्याने वाढली. पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनी घोषणा केली आणि सोमवार, २२ फेब्रुवारीच्या रात्री आठपासून १ मार्चच्या सकाळी आठपर्यंत अमरावती आणि अचलपूर शहरांत टाळेबंदी लागली. अकोला शहरातही त्याच आठवड्यात कडक निर्बंध आले. बाकी देश बराचसा उघडला होता आणि आमचा वऱ्हाड पुन्हा दार लावून बसला होता.

आमच्या घरात तेव्हा मुलगी आठ वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा, शिवाय मुलांची दादी. मुलांच्या अब्बूंचे औषधांचे दुकान असल्याने ते टाळेबंदीतही उघडे होते. दुपारी ते दोन तास घरी येत. आमचे माहेर अकोल्याचे. तिथे आमची अम्मी, म्हणजे मुलांची नानी, भाऊ-भावजय आणि आमचा भाचा. भाचाही तिसरीत. अमरावती ते अकोला अंतर शंभरेक किलोमीटर, पण त्या आठवड्यात ते फोनवरूनच पार करायचे होते.

पहिली गोष्ट आम्ही ठरवली ती अशी की, शाळेचे सहा तास घरात आणायचे नाहीत. सहा वर्षांचे मूल एका जागी वीस मिनिटे मन लावून बसले तरी पुष्कळ झाले. वर्गात चाळीस मुले असतात. हजेरी, रांग, वह्या तपासणे, भांडणे मिटवणे यांत बराच वेळ जातो. घरी दोनच मुले. म्हणून सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, एवढेच ‘बसून शिकणे’ ठेवले. उरलेला दिवस बोलण्याचा, कामाचा आणि खेळण्याचा.

सकाळचा अर्धा तास दादीचा. फजरनंतर त्या दोघांना कायदा घेऊन बसवत. त्यांची पद्धत जुन्या मकतबातली. आधी आमोख्ता, म्हणजे मागचे सगळे एकदा म्हणून दाखवायचे, आणि मग नवा सबक, तोही दोन ओळींचा. मागचे अडले तर नवे नाही. आम्ही बी.एड. करताना उजळणीचे महत्त्व पानेच्या पाने वाचले होते. दादींना त्यातले एकही पान ठाऊक नाही, पण त्यांच्या हाताखाली मुले मागचे विसरत नाहीत. तीच रीत आम्ही उर्दूला, मराठीला आणि गणिताला लावली. दहा मिनिटे मागचे, दहा मिनिटे नवे आणि शेवटची दहा मिनिटे मुलांचे प्रश्न.

वाचनाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण उर्दू शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांना ही अडचण रोज येते. उर्दूत अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळे दिसते. सुटी अक्षरे घडाघडा म्हणणारे मूल जोडलेल्या शब्दापुढे थबकते ते त्यामुळे. दुसरे असे की, पहिलीची पुस्तके सोडली तर जेर, जबर, पेश सहसा लिहिले जात नाहीत. अलिफपुढे सीन लिहिले की ते ‘इस’ही होते आणि ‘उस’ही. त्या आठवड्यात मुलगी वाचता वाचता थांबायची आणि विचारायची, “अम्मी, इस है के उस?” आम्ही उत्तर देत नसू. “पूरा जुमला पढ, फिर तूच बता.” पूर्ण वाक्य वाचले की अर्थच सांगतो, घर जवळचे आहे की लांबचे. म्हणजे उर्दू वाचायला अक्षरओळख पुरत नाही, शब्द आधी कानावरून गेलेला असावा लागतो. ज्या मुलाशी घरात कोणी बोलतच नाही, त्याला हा अंदाज कुठून येणार?

मराठीचे उलटे आहे. तिथे काना, मात्रा, वेलांटी सगळे लिहिलेले असते. त्यामुळे मूल शब्द बरोबर उच्चारते, पण अर्थ कळलेला नसतो. आमच्या मुलाने ‘घागर’ अगदी स्पष्ट वाचले आणि मग विचारले की हे खायचे असते का. सर्व शाळांत मराठी अनिवार्य करणारा कायदा २०२० मध्ये झाला आणि २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीच्या वर्गांना तो लागू होऊ लागला. आमचा मुलगा त्याच वर्षी पहिलीत. त्याची शाळा मात्र त्याने अजून आतून पाहिलीच नव्हती. घरात आम्ही ना पुस्तकी उर्दू बोलतो, ना पुस्तकी मराठी. “मेरेकू नक्को” यात दोन्ही आहेत. ही बोली सोडून द्या असे आम्ही मुलांना सांगत नाही. ती आपली आहे. पण पुस्तकातला शब्द तिच्या शेजारी आणून बसवावा लागतो. दादीने माळ्यावरून जुनी पितळी घागर काढून दाखवली आणि तो धडा संपला.

दोघांना एकेकच वही दिली होती. उर्दूची पाने उजवीकडून आणि मराठीची डावीकडून. शनिवारपर्यंत मुलीची दोन्ही बाजूंची पाने सारखी भरली होती. मुलाची मराठीकडून थोडी मागे होती, म्हणून त्याने रविवारी आपणहून एक पान जास्त लिहिले.

गणिताचा तास बुधवारी स्वयंपाकघरात झाला. मृग बहाराच्या संत्र्यांचे ते दिवस. टोपलीतली संत्री दहा-दहाच्या ढिगांत लावायची आणि उरलेली वेगळी ठेवायची. ‘बावन्न’ म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर, म्हणून मूल २५ लिहून मोकळे होते. उर्दूच्या ‘बावन’चेही तेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती. पाच ढीग आणि वर दोन संत्री समोर दिसली की मूल उलटे लिहीत नाही. एवढे पाहायला टोपली पुरते.

नानीने त्याच्या पुढचे शिकवले, तेही अकोल्याहून. आमची अम्मी शाळेत गेलेली नाही. सहीपुरते नाव लिहिते. पण पाव, पौन, सवा, डेढ, ढाई यांचा हिशेब तिच्या जिभेवर आहे. फोन स्पीकरवर ठेवून तिने तिन्ही नातवंडांना विचारले, “तूर की दाल सौ रुपये किलो, तो पौन किलो कितने की?” मुले वही शोधू लागली. नानी म्हणाली, “किताब नक्को देखो. सौ में से पाव निकालो.” पूर्वी मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत, ते हेच गणित. भाच्याने सर्वात आधी ‘पंच्याहत्तर’ सांगितले. मग आमच्या मुलीने रागाने सव्वादोन किलोचा प्रश्न मागून घेतला.

गुरुवारी परिसर अभ्यास होता. तिसरीचे हे पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळे असते. आमच्या मुलीच्या हातात अमरावती जिल्हा आणि भाच्याच्या हातात अकोला. आम्ही दोघांना आपापल्या नकाशावरचे तालुके मोठ्याने वाचायला लावले. अमरावतीचे चौदा निघाले, अकोल्याचे सात. मुलगी जिंकल्यासारखी हसली. भाचा म्हणाला, “हमारे पास बालापूर का किल्ला है, मन और म्हैस नदी के बीच में.” हिने गाविलगड पुढे केला. त्या भांडणात नानीने शकुंतला रेल्वेची गोष्ट काढली. अचलपूरहून मूर्तिजापूरमार्गे यवतमाळकडे जाणारी ती अरुंद रुळांची छोटी गाडी. नानी लग्नानंतर पहिल्यांदा तिच्यातून अचलपूरला गेली होती. गाडी इतकी हळू चाले की लोक उतरून बोरे तोडून पुन्हा चढत, असे ती सांगते. खरेखोटे नानी जाणे! पण दोन्ही मुलांनी मूर्तिजापूर कुठे आहे ते नकाशावर शोधले आणि तिथून रूळ कुठवर गेले तेही पाहिले.

शुक्रवारी जुम्याची नमाज घरीच झाली आणि अभ्यासाला सुट्टी दिली. शनिवार-रविवारी मागचे सगळे पुन्हा घेतले. आठवडा बरा गेला असे कोणीही म्हणेल, आणि तो गेलाही. पण तो का बरा गेला, हे आम्हाला दुसऱ्या घरामुळे कळले.

आमच्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी. घर शहराच्या जुन्या भागात. वडील फळांची हातगाडी लावतात, आई घरी शिवणकाम करते. मोठा भाऊ दहावीत. तिच्या पाठची तीन, एक चौथीत, एक दुसरीत आणि एक पाच वर्षांचे. घरात स्मार्टफोन एकच, आणि तो भावाच्या अभ्यासासाठी. शाळा बंद झाल्यावर आम्ही वर्गातल्या मुलांना रोज फोन करत होतो. मंगळवारी तिने विचारले, “टीचर, दूसरी की मराठी का कौनसा सबक देना?” बुधवारी विचारले, चौथीचा भागाकार कसा समजवायचा. आम्ही सांगितले आणि मग विचारले, “और तेरा?” ती म्हणाली, “मेरा रात में देखती टीचर, सब सो गए के बाद.” गुरुवारी पुन्हा विचारले, तर तिने सातवीचे पुस्तक आठवडाभरात उघडलेच नव्हते.

तिची आई मोठ्या कौतुकाने म्हणाली, “हमारी टीचर तो घर में ही है!” त्या कौतुकात खोट नव्हती. मुलगी खरोखर छान शिकवत होती. दुसरीतल्या भावाने फोनवर आम्हाला एक धडा न अडखळता वाचून दाखवला. पण दहा महिन्यांनी चार आठवडे शाळा मिळालेली ती मुलगी. घरातली तिन्ही मुले पुढे सरकत होती आणि शिकवणारी मागे पडत होती, आणि तिला शाबासकी मिळत होती ती त्याच कामाची. असे किती घरांत चालू असेल, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. त्याच महिन्यात अजीम प्रेमजी फाउंडेशनने पाच राज्यांतल्या सोळा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दुसरी ते सहावीच्या ९२ टक्के मुलांची भाषेतली किमान एक आणि ८२ टक्के मुलांची गणितातली किमान एक जुनी क्षमता गेलेली आढळली होती. त्या पाच राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आमच्या वर्गातले चित्र निराळे नव्हते. ही मुलगी सातवीत, म्हणून त्या पाहणीच्या बाहेरची. तिच्यासारख्या मोठ्या बहिणींचे काय गेले, हे त्या आकड्यांत नाही.

आम्ही दोन घरांचा हिशेब कागदावर मांडला. आमच्याकडे दोन मुले आणि अकोल्याचे एक, मिळून तीन. त्यांना वेळ देणारे कोण? दादी, नानी, मुलांचे अब्बू, भावजय आणि आम्ही. तीन मुलांमागे पाच मोठी माणसे, त्यातले एक तर पगारी शिक्षक. तिकडेही मुले तीनच. वेळ देणारी एक, आणि तीही तेरा वर्षांची. आपल्याकडे म्हणतात, तालीम शाळेची आणि तरबियत घराची. टाळेबंदीत दोन्ही घराकडे आली, आणि घराने ती सर्वात कमी बोलणाऱ्या माणसाकडे सोपवली.

शनिवारी आम्ही तिच्या आईशी सावकाश बोललो. तिचे उत्तर रास्त होते. “टीचर, मैं पाँचवी तक पढी. इनके अब्बा दिनभर बाहर. छोटों को कौन देखेगा?” आम्ही म्हटले, “बाजी, पाँचवी बहुत है.” दुसरीच्या मुलाला शिकवायचे म्हणजे भाषण द्यायचे नाही. तो मोठ्याने वाचतो, तुम्ही मशीनवर बसून ऐका. वाक्य कानाला विचित्र लागले की एवढेच म्हणा, “फिर से पढ.” चौथीच्या मुलाला अब्बांनी गाडी लावण्यापूर्वी पंधरा मिनिटे वजनाचा आणि सुट्या पैशांचा हिशेब विचारावा. तराजू तर घरातच आहे. पाच वर्षांच्याला मोठ्या भावाने अर्धा तास घ्यावे, त्यानंतर फोन त्याचा. आणि सकाळी दहा ते बारा हे दोन तास मुलीचे. त्या वेळात तिला कोणी हाक मारायची नाही, पाण्यासाठीही नाही आणि रोटीसाठीही नाही. “और रोटी?” आईने लगेच विचारले. “साढे बारा को,” आम्ही म्हणालो. ती हसली.

वडील फोनवर आले तेव्हा बराच वेळ गप्प होते. गाडी बंद, घरात पैसा नाही, आणि टीचर वेळापत्रक सांगते आहे. त्यांच्या जागी कोणीही वैतागले असते. शेवटी म्हणाले, “ठीक है टीचर, हफ्ताभर देखते.” योगायोगाने टाळेबंदी ८ मार्चपर्यंत वाढली आणि तो हफ्ता मिळाला. सगळे ठरल्याप्रमाणे झाले असे नाही. दोन दिवस दहाचे अकरा वाजले, एक दिवस दोन्ही तास गेले कारण आईला ताप होता. पण चार दिवस ते तास तिला मिळाले. त्या चार दिवसांत तिने आम्हाला तीन प्रश्न विचारले, आणि तिन्ही सातवीचे होते.

पुढे एप्रिलच्या सुरुवातीला पहिली ते आठवीची मुले परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. शहरी भागातले आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून उघडू लागले. ती तेव्हा आठवीत होती, आणि धाकट्यांचे वर्ग अजून बंदच होते. ती येईल की घरी राहील, याची आम्हाला धाकधूक होती. पहिल्या आठवड्यात ती चार दिवस आली. उरलेल्या दोन दिवसांचे कारण विचारले तर म्हणाली, “टीचर, अम्मी को कपडे देने थे. पर अब भाई भी देखता छोटों को.” तिने मार्च २०२४ मध्ये दहावीची परीक्षा दिली आणि ती पास झाली. टक्के सांगू नका असे तिनेच सांगितले आहे, म्हणून इथे देत नाही.

टाळेबंदी संपली तरी घरची शाळा संपलेली नाही. विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात. आजारपण असते, लग्नसराई असते, कामासाठी गाव सोडून जाणे असते. अशा वेळी लहान मुलांसाठी दीड तास पुरतो. मागचे आधी, नवे थोडे आणि गप्पा भरपूर. फोन नसला तरी चालते. पण सुरुवात मुलांच्या वेळापत्रकाने करू नका. एक कागद घ्या आणि घरातल्या सगळ्या मोठ्यांची नावे लिहा. दादा, दादी, अब्बू, अम्मी, भाईजान. न शिकलेल्यांचीही लिहा. प्रत्येकापुढे मुलांना द्यायची पंधरा मिनिटे किंवा अर्धा तास मांडा. आणि घरात शिकणारी मोठी मुलगी असेल, तर तिच्या नावापुढे सर्वात आधी तिचे स्वतःचे दोन तास लिहा. धाकट्यांना द्यायची तिची पंधरा मिनिटे त्याखाली येतील.